बोटभर उंचीची फुलं

माझ्या बागेत ट्युलिप नाहीत. साताऱ्याहून लीड्सला येणारे पाहुणे हे ऐकून हिरमुसतात. त्यांच्या डोळ्यांसमोर ‘सिलसिला’मधले अमिताभ आणि रेखा असतात, नेदरलँड्समधल्या कॉयकेनहॉफ बागेतल्या लाल-पिवळ्या पट्ट्यांमधून चाललेले. ती बाग सुंदरच आहे. पण तिथले माळी दर वर्षी थंडीच्या तोंडाला सुमारे सत्तर लाख कंद नव्याने लावतात आणि बहर संपला की उपसून काढतात. मोठ्या संकरित ट्युलिपचं असंच असतं. आमच्या यॉर्कशरच्या ओल्या, चिकट मातीत पहिल्या वर्षी तो दिमाखात उभा राहतो, दुसऱ्या वर्षी बारीक होतो, आणि तिसऱ्या वर्षी नुसतं एक पान वर येतं. मला जीव लागला तो छोट्या कंदांचा: स्नोड्रॉप, क्रोकस, सिला, कायोनोडोक्सा, मस्कारी. एकदा लावले की ते तिथेच रुळतात, वाढतात, पसरतात. लावणारं माणूस घर विकून निघून गेलं तरी ते दर वर्षी त्याच जागी उगवतात.

या फुलांचं मोल कळायला इथला हिवाळा माहीत हवा. डिसेंबरात लीड्सला दुपारी पावणेचारला सूर्य मावळतो. झाडांवर पान नसतं, हिरवळ चिखलाने माखलेली असते, आणि आठवडेच्या आठवडे आभाळ उघडत नाही. त्यातच जानेवारीच्या मध्यावर सफरचंदाच्या झाडाखालची माती जरा फुगलेली दिसते आणि तिच्यातून करड्या-हिरव्या पात्यांची टोकं वर येतात. हे स्नोड्रॉप. चार-पाच इंचांचा दांडा, त्याला मान खाली घातलेलं एकच फूल. बाहेरच्या तीन पाकळ्या शुभ्र, आतल्या तीन आखूड, आणि त्या प्रत्येकीच्या टोकाशी हिरवी खूण. ती खूण पाहायची तर गुडघे टेकून फूल बोटाने उचलावं लागतं. मी दर वर्षी उचलते. ओल्या गवतात गुडघे भिजतात, पण त्या हिरव्या खुणेइतकं ताजं दुसरं काही जानेवारीत इथे पाहायला मिळत नाही.

‘अगं, बर्फात मरत नाहीत का ती?’ आई फोनवर विचारते. नाही मरत. कडाक्याची थंडी पडली की सकाळी सगळा ताटवा जमिनीवर आडवा झालेला दिसतो. ऊन आलं, थोडी ऊब लागली की तासा-दोन तासांत एकेक दांडा पुन्हा उभा राहतो.

मग आईचा पुढचा प्रश्न ठरलेला, ‘मला चार कंद पाठव ना, कुंडीत लावते.’ तिला मी जे सांगते तेच इथे सांगते, कारण या छंदाचं सगळं शास्त्र त्यात आहे. कांदा उभा चिरला की आत एकावर एक मांसल पापुद्रे दिसतात आणि मधोमध कोंब. स्नोड्रॉप, सिला, मस्कारी यांचे कंद असेच असतात. ते पापुद्रे म्हणजे आधीच्या वसंतात पानांनी उन्हातून कमावून ठेवलेली शिदोरी. क्रोकसचा कंद आतून भरीव असतो, त्याला पापुद्रे नसतात, पण काम तेच. आपण दुकानातून कंद आणतो तेव्हा पुढच्या बहराची इवलीशी कळी त्याच्या पोटात तयारच असते. म्हणूनच नवशिक्यालाही पहिल्याच वर्षी फूल हमखास दिसतं. मात्र ती कळी नुसत्या पाण्याने आणि उन्हाने वर येत नाही. तिला थंडी लागते, साधारण ९ अंश सेल्सिअसच्या खाली, बारा-पंधरा आठवडे. त्या गारव्यात कंदातल्या पिष्टाची साखर होऊ लागते आणि दांड्याला लांब होण्याची मुभा मिळते. साताऱ्याची थंडी त्याला पुरत नाही. कंद फ्रिजमध्ये ठेवून तेवढी थंडी देता येते, आणि मग फूल येतंही. पण पुढचा उन्हाळा आणि पावसाळा तो कंद झेलत नाही, कुजून जातो.

तेव्हा आईला मी म्हणते, तू तुझा रानकांदा बघ. सह्याद्रीच्या उतारांवर ऐन उन्हाळ्यात, एकही पान नसताना, रानकांद्याचा दांडा थेट जमिनीतून वर येतो आणि संध्याकाळी त्याची फिकट फुलं उमलतात. पानं येतात नंतर, पावसात. हा रानकांदा आणि माझ्या बागेतला निळा सिला वनस्पतीशास्त्राच्या हिशेबात एकाच कुळातले, अगदी जवळचे नातेवाईक. दोघांची युक्तीही एकच: वाईट दिवसांत जमिनीखाली कंदाच्या रूपाने पडून राहायचं आणि थोड्या दिवसांची संधी मिळाली की घाईने उरकून घ्यायचं. कासच्या पठारावर कोरडे महिने जमिनीत काढणारे कंद पाऊस पडताच जागे होतात. युरोपातल्या पानगळीच्या जंगलांत आणि तुर्कस्तानच्या डोंगरउतारांवर ती संधी हिवाळा संपताना मिळते, वरच्या झाडांना पालवी फुटून सावली पडण्याआधी. बागेत हे कंद कुठे लावावेत याचं उत्तरही त्यातच आहे. पानगळ होणाऱ्या झाडाखाली, जिथे फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन येतं आणि जूनमध्ये सावली असते.

लावणी सप्टेंबर ते नोव्हेंबर. क्रोकस किंवा मस्कारीचे शंभर कंद साधारण दहा-पंधरा पौंडांत मिळतात. इतका स्वस्त आनंद इथल्या बाजारात दुसरा मला माहीत नाही. कंद लावायचं खास नळीसारखं अवजार इथे मिळतं, पण मी साताऱ्याहून आणलेलं खुरपं वापरते. दगड-मुळांच्या मातीत त्याच्यासारखं काही चालत नाही. कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल खड्डा घ्यायचा. तीन सेंटिमीटरचा कंद असेल तर नऊ-दहा सेंटिमीटर. माती चिकट असेल तर तळाशी बारीक खडी, कारण यांना पाणी हवं असतं पण पाण्यात बसणं सोसत नाही. टोक वर, मुळांची बाजू खाली. कुठली बाजू कुठली हे कळेना तर आडवा ठेवावा. क्रोकसला तर खास आक्रसणारी मुळं असतात. ती आखडतात आणि कंदाला हळूहळू खाली, योग्य खोलीपर्यंत ओढून नेतात. क्रोकसचा नवा कंद दर वर्षी जुन्याच्या डोक्यावर तयार होतो, म्हणून त्याला हे खाली ओढणं लागतंच, नाहीतर काही वर्षांत तो मातीबाहेर येईल. रांगा मात्र लावू नयेत. मूठभर कंद हळूच भिरकावायचे आणि जिथे पडतील तिथे लावायचे.

क्रोकसबद्दल मला आणखी बोलायचं आहे. मराठी घरात क्रोकस नव्याने ओळख करून द्यायचं फूल नाही, कारण श्रीखंडात पडणारं केशर हे एका क्रोकसच्या स्त्रीकेसराचं टोक. काश्मीरमधल्या पंपोरला पिकणारं ते क्रोकस शरदात फुलतं. वसंतातली भावंडं वेगळी, त्यांच्यापासून केशर मिळत नाही. माझं लाडकं आहे टोमासिनियानस. कळी चंदेरी-राखी, इतकी बारीक की नजरेतून सुटते. ऊन आलं की ती उघडते आणि आत फिकट जांभळा रंग, मध्ये भगवे केसर. हे उघडणं-मिटणं मुख्यतः उबेवर चालतं. गारठ्यात घट्ट मिटलेलं एक फूल खुडून स्वयंपाकघरात पेल्यात ठेवलं की चहा होईस्तोवर ते उमललेलं असतं. घरी आलेल्या मुलांना मी हे नेहमी दाखवते. त्रिएस्ते शहराचा एक नगराध्यक्ष, मुत्सिओ टोमासिनी, हौशी वनस्पतीशास्त्रज्ञ होता, त्याचं नाव या फुलाला आहे.

हौशी माणसांनीच हा प्रांत उभा केला, हे मला फार मोलाचं वाटतं. ई. ए. बोल्स (१८६५–१९५४) धर्मशास्त्र शिकला होता, वनस्पतीशास्त्राचं रीतसर शिक्षण त्याला नव्हतं. लंडनच्या उत्तरेला एनफिल्डमधल्या मिडल्टन हाउस या आपल्या घरी तो आयुष्यभर राहिला. तिथल्या बागेत त्याने क्रोकसचे नाना प्रकार वाढवले, त्यांची स्वतः जलरंगात चित्रं काढली, आणि १९२४ साली क्रोकसवर जे पुस्तक लिहिलं त्याचा आधार जाणकार अजून घेतात. लोक त्याला क्रोकसचा राजा म्हणत. ती बाग आजही पाहता येते. दुसरा हेन्री जॉन एल्वेस. १८७४ साली स्मिर्नाजवळच्या, म्हणजे आजच्या इझमीरजवळच्या डोंगरात त्याला रुंद पानांचा, मोठ्या फुलाचा स्नोड्रॉप सापडला. ग्लॉस्टरशरमधल्या त्याच्या कोल्सबर्न या वडिलोपार्जित बागेत अजून दर फेब्रुवारीला लोक तो पाहायला जातात. त्याच भागातल्या डोंगरांत १८४२ साली स्विस वनस्पतीशास्त्रज्ञ एदमों ब्वासिए याला बर्फ वितळत असताना एक निळं फूल दिसलं, मधोमध पांढरं. ते कायोनोडोक्सा. त्याने त्याला आपल्या बायकोचं, ल्युसिलचं नाव दिलं. मार्चमध्ये माझ्या कुंपणाशी ते फुलतं तेव्हा तेवढा वाफा निळा होऊन जातो, माती दिसत नाही.

स्नोड्रॉपचे शौकीन तर हिरव्या खुणेच्या आकारावरून, पाकळीच्या बाकावरून शेकडो प्रकार ओळखतात. २०१२ साली पिवळ्या खुणेचा ‘एलिझाबेथ हॅरिसन’ नावाचा एक कंद ७२५ पौंडांना विकला गेला. मला साधाच पुरतो, पण त्या माणसांचं बारकाईने पाहणं मी समजू शकते. मात्र जंगलातून उपटलेले कंद कधीही घेऊ नयेत. तुर्कस्तानातून एके काळी स्नोड्रॉपचे कंद बेसुमार उपसले गेले. आता त्यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आहे. विकणाऱ्याला ‘कंद रोपवाटिकेत वाढवलेले आहेत ना’ असं सरळ विचारावं. आणखी एक, हे कंद विषारी असतात, स्वयंपाकघरातल्या कांद्या-लसणाजवळ ठेवू नयेत. स्नोड्रॉपच्या कुळातून गॅलंटामाइन हे औषध निघालं. १९५०च्या दशकात सोव्हिएत आणि बल्गेरियन संशोधकांनी त्यावर काम केलं आणि आज ते अल्झायमरच्या रुग्णांना देतात.

फुलं आली की त्यांच्याबरोबर इतरही येतात. फेब्रुवारीच्या एखाद्या उबदार दुपारी भुंग्याएवढी केसाळ राणीमाशी जमिनीतून बाहेर पडते. सगळा हिवाळा तिने एकटीने झोपून काढलेला असतो, आणि तेव्हा तिला खायला क्रोकसशिवाय फारसं काही नसतं. सिलाचे परागकण निळे असतात. मार्चमध्ये मधमाश्यांच्या पायांवर निळ्या गोळ्या चिकटलेल्या दिसतात. पुढे बी धरलं की मुंग्या येतात. स्नोड्रॉपच्या आणि सिलाच्या बीला एक तेलकट, चविष्ट गाठ असते. मुंग्या ती गाठ खाण्यासाठी बी वाहून नेतात आणि बी टाकून देतात. माझ्या फरशीच्या फटीत सिला उगवलाय तो त्यांनीच आणलेला. खारी मात्र क्रोकसचे कंद उकरून खातात. लावल्यावर वर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी अंथरली की त्या कंटाळतात.

सगळ्यांत जास्त संयम लागतो तो फुलं गेल्यावर. पानं लोळतात, पिवळी पडतात, बाग अस्ताव्यस्त दिसते, आणि हात कात्रीकडे जातो. कापू नयेत. गाठीही मारू नयेत. ती पानं निदान सहा आठवडे ऊन खाऊन पुढच्या वर्षीची कळी भरत असतात. हिरवळीत क्रोकस असतील तर गवत मेच्या अखेरीपर्यंत कापायचं नाही. हॅरोगेटच्या स्ट्रे मैदानावर मार्चमध्ये जांभळ्या-पांढऱ्या क्रोकसचे पट्टेच्या पट्टे दिसतात, ते हीच शिस्त पाळल्यामुळे.

आणि वाटणं. स्नोड्रॉपचा कंद लवकर वाळतो, दुकानातला सुका कंद पुष्कळदा जगत नाही. फुलं नुकतीच गळलीत पण पानं हिरवी आहेत अशा वेळी गड्डा खणून, हाताने दोन-तीन तुकडे करून, लगेच दुसरीकडे लावला की हमखास धरतो. माझे पहिले स्नोड्रॉप शेजारच्या आजींनी असेच वर्तमानपत्रात गुंडाळून कुंपणावरून दिले होते. त्यांना त्यांच्या सासूकडून मिळाले होते. माझ्याकडचे आता या गल्लीत बऱ्याच घरी आहेत. त्यांपैकी एका घरी नुकतंच पुण्याचं जोडपं राहायला आलंय. मार्च सरताना त्यांच्यासाठी एक गड्डा काढायचा आहे. त्यांच्या दाराशी चेरीचं झाड आहे, सकाळचं ऊन येतं, जागा चांगली आहे.