चतुर आणि लावा : दोन प्रवाशांची तुलना

पावसाळ्याच्या उत्तरार्धात मैदानांवर आणि भातखाचरांवर जे पिवळसर चतुर कोठेही न टेकता तासन्‌तास घिरट्या घालीत असतात, त्यांना प्राणिशास्त्रात पँटाला फ्लॅव्हेसेन्स असे नाव आहे. आणि ते दिसेनासे होऊ लागतात त्याच सुमारास उत्तरेकडील थंड मुलखांतून लावा, म्हणजेच बटेर, आपल्या माळरानांवर हिवाळी मुक्कामास येतो. एक कीटक, दुसरा शिकाऱ्यांचा आवडता पक्षी. तथापि दोघांचेही जीवित पावसावर व गवतावर अवलंबून असल्याने ही तुलना मला अप्रस्तुत वाटत नाही.

लाव्याचा देह प्रवासास सर्वथा अयोग्य भासतो. सुमारे 100 ग्रॅम वजनाचा हा गोलसर पक्षी अगदी पायाशी येईपर्यंत उडत नाही, आणि उडालाच तर थोड्या अंतरावर पुन्हा गवतात दडतो. परंतु स्थलांतरापूर्वी चरबीची शिदोरी अंगी साठवून तोच रात्रीच्या अंधारात भूमध्य समुद्र ओलांडतो, आणि थकून इजिप्तच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या त्याच्या थव्यांसाठी तेथे शतकानुशतके जाळी लावली गेली आहेत.

चतुराची तजवीज निराळी. वजन अर्ध्या ग्रॅमहूनही कमी, प्रत्येक पंखास स्वतंत्र स्नायू, आणि मागील पंख मुळाशी इतके रुंद की वाऱ्यावर तरंगताना श्रम थोडेच पडावेत. मालदीवमध्ये राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी, ज्या बेटांवर गोड्या पाण्याची तळी जवळजवळ नाहीत तेथे दरसाल ऑक्टोबरात हे चतुर हजारोंनी कोठून येतात, याचा शोध घेतला आणि ते भारतातून निघून ईशान्य वाऱ्यांबरोबर पूर्व आफ्रिकेस जात असावेत, असे अनुमान 2009 मध्ये मांडले. जाऊन-येऊन 14,000 ते 18,000 किलोमीटरांची ही वाट एकटा चतुर कधीच पुरी करीत नाही; वाटेत पावसाच्या डबक्यांत अंडी घातली जातात, सुमारे सहा आठवड्यांत नवी पिढी पंख पसरते आणि पुढची मजल तिची असते.

लावा स्वतःच्या पंखांनी परततो. चतुराची केवळ संतती परतते. जिने प्रवासाचा आरंभ पाहिलाच नाही, त्या पिढीने तो शेवटास न्यावा, हे मला अधिक विलक्षण वाटते.

1972 च्या वन्यजीव कायद्याने लाव्यास बंदुकीपासून संरक्षण दिले; डबक्यास व बांधावरील गवतास मात्र शेतकऱ्याच्या मर्जीवाचून दुसरा आधार नाही. म्हणून ज्यांच्या हाती जमीन आहे, त्यांनी बांध पेटवू नयेत आणि साचलेल्या पावसाच्या पाण्यात कीटकनाशक उतरू देऊ नये.