कुरुमान मिशन

दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्दर्न केप प्रांतातील एक इतिहासप्रसिद्ध ख्रिस्ती मिशन-केंद्र. कालाहारी वाळवंटाच्या दक्षिणेस, कुरुमान या गावाजवळ लंडन मिशनरी सोसायटीने ते १८२४ मध्ये वसविले. स्कॉटिश मिशनरी रॉबर्ट मॉफट (१७९५–१८८३) व त्याची पत्नी मेरी (१७९५–१८७१) यांनी १८७० पर्यंत येथे काम केले. एकोणिसाव्या शतकातील मिशनऱ्यांच्या दैनंदिन जीवनाची तपशीलवार माहिती या दांपत्याच्या पत्रांतून व मॉफटच्या ग्रंथातून मिळते.

पाणी हा या जीवनाचा मुख्य प्रश्न होता. आधीच्या ठिकाणी मिशनऱ्यांनी काही मैल लांबीचा पाट खणून बागेस पाणी आणले. परंतु वरच्या बाजूस शेती करणाऱ्या त्स्वाना स्त्रिया ते आपल्या शेतांकडे वळवीत. त्यामुळे भर उन्हात कुदळ-फावडे घेऊन पाटाच्या उगमापर्यंत जाणे, हा मिशनऱ्यांच्या दिनक्रमाचाच भाग झाला. अवर्षण पडले, तेव्हा मिशनची घंटा व प्रार्थना यांमुळेच पाऊस पळाला, असा आरोप पर्जन्य-मांत्रिकाने केला व मिशनऱ्यांना देश सोडण्यास सांगण्यात आले. ते मात्र हटले नाहीत. पुढे त्लापिंग जमातीचा प्रमुख मोथीबी याच्याकडून मिळालेल्या नव्या जागी, दररोज सु. २ कोटी लिटर पाणी देणाऱ्या कुरुमानच्या झऱ्यावर बागायत उभी राहिली. मॉफट मुळात माळी असल्याने फळझाडे, गहू व भाजीपाला यांची लागवड त्याने स्वतः केली. पाटाच्या पाण्यावरील ही शेती पाहून स्थानिक लोकांनीही तिचा अवलंब केला.

मिशनऱ्याला सुतार, लोहार, गवंडी, वैद्य व शिक्षक या सर्वांची कामे करावी लागत. वस्तू व टपाल बैलगाड्यांनी येई. केपटाउनचा प्रवास कित्येक आठवड्यांचा असे. घरकाम, मेणबत्त्या करणे, शिवण शिकविणे व पाहुण्यांचे आदरातिथ्य यांचा भार मेरीवर होता. जमिनी आठवड्यातून एकदा शेणाने सारवण्याची तेथील रीत तिला प्रथम नकोशी वाटली. पण धूळ बसते व पिसवा मरतात, हे अनुभवल्यावर तिने ती आनंदाने स्वीकारली. भारतीय खेड्यांतील सारवणाशी या रीतीचे साम्य स्पष्ट आहे. मुलांना शिक्षणासाठी दूरच्या वसाहतीत ठेवावे लागे. हा वियोग तिच्या जीवनातील मोठे दुःख होते.

प्रारंभी दुभाष्यांवर विसंबल्याने प्रवचनांचा अर्थ श्रोत्यांपर्यंत नीट पोहोचत नसे. म्हणून १८२७ मध्ये मॉफट काही आठवडे केवळ त्स्वाना भाषिकांतच राहिला. पहिले बाप्तिस्मे १८२९ मध्ये, म्हणजे सु. आठ वर्षांच्या प्रयत्नांनंतर झाले. १८३१ मध्ये छापखाना आला. दिवसाची इतर कामे आटोपून केलेल्या भाषांतरातून त्स्वाना भाषेतील नवा करार १८४० मध्ये लंडन येथे व संपूर्ण बायबल १८५७ मध्ये कुरुमान येथे छापून झाले. १८३८ मध्ये पूर्ण झालेल्या दगडी चर्चच्या तुळया शेकडो किमी. अंतरावरून बैलगाड्यांनी आणल्या होत्या. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८४१ मध्ये येथे आला व १८४५ मध्ये मॉफटची कन्या मेरी हिच्याशी त्याचा विवाह झाला.

या कार्याचे मूल्यमापन एकांगी करता येत नाही. साक्षरता, लेखनबद्ध भाषा व सिंचन यांचा लाभ त्स्वाना समाजास झाला. मात्र स्थानिक चालीरीती मिशनऱ्यांनी बहुधा अंधश्रद्धा म्हणूनच पाहिल्या, तसेच यूरोपीय पोषाख व घरे ही धर्मांतराची लक्षणे मानली. अनेक कामे त्स्वाना मजूर, शिक्षक व स्त्रिया यांच्या श्रमांवर उभी होती. तथापि त्यांची नावे नोंदींत क्वचितच आढळतात. मिशनने उघडलेल्या मार्गानेच व्यापारी व शिकारी उत्तरेकडे गेले आणि १८८५ मध्ये हा प्रदेश ब्रिटिश वसाहत बनला. पुढे वंशभेदी राजवटीत १९५० च्या समूह क्षेत्र अधिनियमामुळे मिशनची कृष्णवर्णीय वस्ती विस्थापित झाली. ज्या झऱ्याच्या पाण्यावरून आरंभी वाद झाला, त्याच्याच काठचे लोक अशा रीतीने त्या भूमीस मुकले. १९८० नंतरच्या दशकात वास्तूंच्या जीर्णोद्धारास चालना मिळाली व चर्च पुन्हा वापरात आले.