बाळ झोपल्यावरच मशीन का निघते? आईपण आणि शिवणकामाच्या वेळेचं गणित

दुपारचे अडीच वाजलेत. बाळ नुकतंच झोपलंय. कपाटावरची मशीन खाली काढून, टेबलावर मांडून, दोरा ओवून पहिली टीप मारेपर्यंत तीन वाजतात. फ्रॉकच्या गळ्याला पट्टी लावायची आहे, म्हणजे नेमकं नाजूक काम. अर्धा गळा होतो आणि आतून रडण्याचा आवाज येतो. त्याला उठवलं कोणी? बहुतेक मशीनच्याच खडखडाटाने.

शिवणाची आवड असलेल्या आणि मुलांसाठी घरी राहिलेल्या कुठल्याही बाईला हा प्रसंग नवा नाही. मोबाइलवर मात्र चित्र वेगळं दिसतं. तीस सेकंदांच्या रीलमध्ये कापड कापलं जातं, टीप पडते, फ्रॉक तयार होतो आणि मुलगी तो घालून गिरकीही घेते. ते बघून आपलंच नियोजन चुकतंय असं वाटायला लागतं. पण दोष नियोजनाचा असतोच असं नाही. यामागे एक जुना इतिहास आहे आणि थोडं गणितही आहे.

शिवण-टिपण बायकांकडेच का आलं?

ज्युडिथ ब्राऊन या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७० मध्ये एक छोटा लेख लिहिला. जगभरच्या समाजांत काही कामं बायकांकडे आणि काही पुरुषांकडे का गेली, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांचं उत्तर सरळ होतं. लहान मूल अंगावर पीत असताना आईला जी कामं करता येतात, ती बायकांकडे आली. अशा कामाला फार एकाग्रता लागत नाही. ते मध्येच सोडता येतं आणि पुन्हा सहज उचलता येतं. जवळ खेळणाऱ्या मुलाला त्यापासून धोका नसतो आणि त्यासाठी घरापासून लांब जावं लागत नाही.

सूत काढणं, विणणं, हाताने शिवणं या सगळ्यांत हे गुण होते. एलिझाबेथ वेलँड बार्बर यांनी १९९४ मध्ये बायकांच्या कापडकामाचा वीस हजार वर्षांचा इतिहास लिहिला, तेव्हा त्याचा पाया याच मुद्द्यावर ठेवला.

आपल्याकडची गोधडी या कसोटीवर लावून बघा. जुन्या साडीचे पदर अंथरायचे आणि धावदोरा घालत जायचं. मूल रडलं की सुई कापडात खोचून उठायचं. परत आल्यावर टाका कुठे थांबला होता ते डोळ्यांना लगेच दिसतं. काही बिघडत नाही, उसवावं लागत नाही. शिवाय गोधडीला अनेकदा चार बायका चार कोपऱ्यांना बसायच्या, त्यामुळे एक उठली तरी काम चालू राहायचं.

बाळंतविड्याचंही तसंच. झबली, टोपडी, कुंची, दुपटी आणि पाळण्यावर टांगायचं कापडी चिमण्यांचं चिमणाळं, हे सगळं घरात शिवलं जायचं खरं. पण शिवायचं कोण? बहुतेक वेळा आजी, मावशी, आत्या. बाळंतीण स्वतः मशीनवर बसून बाळंतविडा शिवत नव्हती. ‘आमच्या वेळी आम्ही मुलं सांभाळून सगळं शिवायचो’ असं ऐकवलं जातं, तेव्हा मूल घ्यायला घरात आणखी किती हात होते, हे बहुधा सांगायचं राहून जातं.

मशीन आली आणि कसोटी बदलली

आयझॅक सिंगरने आपल्या शिलाई मशीनचं पेटंट १८५१ मध्ये घेतलं. १८६० च्या सुमारास एका अमेरिकी मशीन कंपनीने केलेल्या तुलनेनुसार, हाताने सुमारे चौदा तास घेणारा पुरुषी शर्ट मशीनवर सव्वा तासात होत होता. आकडा कंपनीचाच आहे, तेव्हा थोडं मीठ लावून घ्यायला हरकत नाही. पण वेळ प्रचंड वाचला हे खरं.

यंत्रांवर सहसा टीका करणाऱ्या महात्मा गांधींनीही शिलाई मशीनला अपवाद मानलं होतं. १९२४ मध्ये ‘यंग इंडिया’त आलेल्या संवादात त्यांनी सिंगरची गोष्ट सांगितली. बायकोला हाताने शिवत बसलेलं बघून त्याला तिची दया आली आणि त्या प्रेमापोटी मशीन जन्मली, अशी ती गोष्ट. खरा सिंगर इतका गोड नव्हता. त्याला पैसा करायचा होता, आणि वेगवेगळ्या स्त्रियांपासून झालेली वीसहून अधिक मुलं त्याच्या नावावर होती. ती सांभाळली कोणी, हे वेगळं सांगायला नको.

तर, मशीनने वेळ वाचवला, पण ब्राऊन यांच्या चारपैकी तीन अटी मोडल्या. मशीनवर टीप मारताना नजर हलवता येत नाही. बाहीचा गोल अर्धवट सोडला तर कापड सरकतं आणि परत जुळवावं लागतं. सुई, कात्री, गरम इस्त्री आणि वायर हे सगळं रांगत्या मुलाच्या हाताच्या टप्प्यात येतं. उरली एकच अट, काम घरातच होतं. आणि त्या एकाच कारणावरून सगळ्यांना वाटतं की मूल सांभाळताना शिवण आरामात होत असेल!

वाचलेला वेळही बाईकडे राहिला नाही. इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ मधल्या पुस्तकात दाखवलं की घरकामाची यंत्रं आली तशा अपेक्षाही वाढल्या. दोन कपड्यांवर भागायचं तिथे दहा लागायला लागले.

तुकड्यांचा वेळ

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात. असं काम करणाऱ्या पुरुषांची सरासरी ८८ मिनिटं आहे. यात मुलं आणि म्हाताऱ्यांची देखभाल धरलेली नाही. तिचा हिशेब वेगळा आहे: स्त्रिया १३७ मिनिटं, पुरुष ७५.

पण खरी अडचण मिनिटांच्या बेरजेत नाही. दिवसभरात आईला मोकळा वेळ मिळतोही, फक्त तो दहा मिनिटं इथे, सात मिनिटं तिथे असा मिळतो. पत्रकार ब्रिजिड शुल्ट यांनी याला वेळेच्या चिंध्या म्हणता येईल अशी कल्पना मांडली. चिंध्यांची गोधडी होते, पण चिंध्यांतून ब्लाउज बेतता येत नाही.

त्यात डोक्याचा वेळ वेगळाच. २००९ मध्ये सोफी लरॉय यांच्या संशोधनातून दिसलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळल्यावर लक्षाचा काही भाग पहिल्याच कामात अडकून राहतो. म्हणजे गळपट्टी अर्धी टाकून उठलेली आई बाळाला भरवताना मनात गळाच बेतत असते, आणि मशीनवर बसली की कान पाळण्याकडे लागलेले असतात. दोन्हीकडून अपराधी वाटतं ते यामुळेच.

मग जमवणाऱ्या बायका काय करतात?

त्या कपड्याचे नाही, कामाचे भाग पाडतात. मापं घेऊन खडूने आखणं आणि कापणं हे सगळ्यात एकाग्रतेचं काम. चुकलेली टीप उसवता येते, चुकून कापलेलं कापड गेलं ते गेलंच. म्हणून कापणी अशा वेळी करायची जेव्हा मूल दुसऱ्या कोणाच्या ताब्यात आहे, रविवारी सकाळी बाप त्याला बागेत घेऊन गेलाय तेव्हा. आणि बसलोच आहोत तर तीन कपडे एकदम कापून, प्रत्येकाचे तुकडे वेगळ्या पिशवीत घालून ठेवायचे. पिशवीत एक चिठ्ठी: पुढे काय करायचं आहे. ही चिठ्ठी क्षुल्लक वाटते, पण चार दिवसांनी पिशवी उघडल्यावर तीच वीस मिनिटं वाचवते.

सरळ टिपा मूल झोपलेलं असताना. मशीनखाली जाड सतरंजीची घडी घातली तर खडखडाट कमी होतो. हातशिलाई, म्हणजे तुरपाई, हूक, काजं, भरतकामातला साखळी टाका किंवा गहू टाका, हे मूल जवळ खेळत असतानाही होतं. मूल सगळं तोंडात घालण्याच्या वयाचं असेल तर सुईऐवजी क्रोशाची आकडी आणि लोकर बरी. सुया मोजून काढायच्या, मोजून ठेवायच्या. बटणं, मणी, टिकल्या झाकणाच्या डब्यात. विजेच्या मशीनची पिन काढून ठेवायची आणि पायमशीन असेल तर चाकावरचा पट्टा उतरवायचा, कारण फिरणारं चाक दिसलं की मुलाचं बोट तिकडे जातंच.

छोट्या घरात मशीन कायम मांडून ठेवायला जागा नसते, हे खरं. तिथे जागेपेक्षा ठरलेला एक तास जास्त उपयोगी पडतो. तो तास ‘जमलं तर’ या सदरात असला की कधीच जमत नाही. घरातल्या दुसऱ्या माणसाने तो आपल्या कामात धरावा लागतो.

“घरीच असतेस ना, मग एवढं शिवून दे!”

हात चांगला आहे असं कळलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं. जाऊबाईंच्या साडीला फॉल-बिडिंग, शेजारच्या काकूंचं ब्लाउज, भाचीचा गॅदरिंगचा ड्रेस. पैसे मागायचे तर नात्यात वाईट दिसतं. नाही म्हणायचं तर ‘दिवसभर करते काय?’

सरकारी हिशेबातही ही गंमत आहे. श्रमशक्ती सर्वेक्षणात घरकामाबरोबर घरच्या वापरासाठी शिवण-विणकाम करणाऱ्या व्यक्तीला ९३ हा वेगळा क्रमांक आहे, आणि ती श्रमशक्तीच्या बाहेर धरली जाते. तीच बाई तोच फ्रॉक पैसे घेऊन दुसऱ्याच्या मुलीला शिवत असेल तर स्वयंरोजगारात मोजली जाते.

म्हणून ‘विकायला का नाही सुरू करत?’ हा सल्ला दरवेळी चांगलाच असतो असं नाही. दिवाळी आणि लग्नसराईत तारखा पाळाव्या लागतात, मुलाच्या तापाला गिऱ्हाईक थांबत नाही, आणि जी गोष्ट मन मोकळं करायला धरली होती तीच डोक्यावर बसते. पैशाची गरज असेल तर जरूर करावं, पण मग ते काम आहे असं घरच्यांनीही मानायला हवं, आणि कापड-दोऱ्याबरोबर वेळेचे पैसेही धरायला हवेत.

एक सावधगिरी. ‘केंद्र सरकार सर्व महिलांना मोफत शिलाई मशीन देतंय’ असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत असतात. पीआयबीच्या फॅक्ट चेक विभागाने असे दावे खोटे ठरवले आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांमध्ये शिंपीकाम आहे आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. पण ती हा व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे आणि एका कुटुंबातून एकालाच मिळते. अनोळखी लिंकवर आधार क्रमांक भरण्याआधी एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

राहिला तो अडीच वाजताचा फ्रॉक. सहा महिन्यांच्या मापाने बेतलेला कपडा पुरा होईस्तोवर मूल आठ महिन्यांचं झालेलं असतं, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की जुन्या शिवणाऱ्या बायका पहिल्यापासूनच वाढत्या अंगाचं माप धरतात. घेरात दोन इंच दाब, खांद्याला एक चुणी. उशीर झाला तर दाब उसवायचा, आणि चुकून वेळेत झालाच, तर थोडा ढगळ घालायचा.