एका पोर्टवर दोघं? केंब्रिजला विचारा!

‘अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज.’ हिंजवडी असो की ऐरोली, सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाच्या पडद्यावर ही ओळ कधी ना कधी उमटतेच. टॉमकॅटला ८०८० हवा असतो. जेनकिन्सला तोच, वाइल्डफ्लायला तोच, ग्लासफिशलाही तोच. झूकीपरच्या ३.५ आवृत्तीपासून त्याचा अ‍ॅडमिन सर्व्हरही तिथंच येऊन बसतो. ओरॅकलची एक्स्प्रेस एडिशन १०जी टाकली, तर तिच्या वेब पानाचा मुक्कामही ८०८०वरच. पोर्ट आहेत एकूण ६५,५३६ आणि झुंबड सगळी एकावर!

आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे चाळीचा पत्ता, पोर्ट म्हणजे खोलीचा नंबर, आणि एका खोलीत एकच बिऱ्हाड. नियम एवढाच. पण तो पाळायचे जे सुबक मार्ग प्रोग्रॅमरांनी शोधले, त्यातले कितीतरी इंग्लंडमधल्या केंब्रिज या एका गावात सापडतात.

शंभराचा हिशोब

दूरच्या मशीनचा पडदा आपल्या मशीनवर दाखवणारं व्हीएनसी जन्मलं केंब्रिजच्या ट्रम्पिंग्टन स्ट्रीटवरच्या ऑलिव्हेट्टी आणि ओरॅकलच्या संशोधन प्रयोगशाळेत. १९९८ साली त्यावर जो शोधनिबंध आला, त्याचे लेखक चार: ट्रिस्टन रिचर्डसन, क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर, केनेथ वुड आणि अँडी हॉपर. यातले स्टॅफर्ड-फ्रेझर म्हणजे कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा लावणारे! १९९१ साली विद्यापीठाच्या कॉम्प्युटर लॅबोरेटरीत ‘ट्रोजन रूम’मधली कॉफी संपली की आहे, हे जागेवरूनच दिसावं म्हणून त्यांनी आणि पॉल जार्डेट्झकी यांनी तो उद्योग केला. ते भांडं १९९३ साली वेबवर आलं आणि २२ ऑगस्ट २००१ रोजी बंद झालं.

आता व्हीएनसीची पोर्टरचना बघा. युनिक्सवर ‘एक्स’ ही खिडक्यांची व्यवस्था ६००० अधिक डिस्प्ले क्रमांक असा पोर्ट घेते. व्हीएनसी तिच्या बरोबर शंभर खाली बसतं: ५९०० अधिक डिस्प्ले क्रमांक. ब्राउझरमधून बघायची सोय आणखी शंभर खाली, ५८०० अधिक क्रमांक. म्हणजे डिस्प्ले १ म्हटलं की ५८०१, ५९०१ आणि ६००१ हे तीनही पोर्ट ठरले. एक आकडा लक्षात ठेवायचा, बाकी सगळी बेरीज. मला ही रचना फार देखणी वाटते, कारण तिच्यात कॉन्फिगरेशनची फाइल उघडायचं कामच उरत नाही.

मग शंभरावा डिस्प्ले मागितला तर? ५९०० अधिक १०० म्हणजे ६०००, थेट एक्सच्या दारात! म्हणून व्हीएनसीच्या व्ह्यूअरमध्ये विसर्गचिन्हापुढचा आकडा ० ते ९९ असेल तर तो डिस्प्ले समजला जातो आणि त्याहून मोठा असेल तर सरळ पोर्टच.

युनिक्सवर व्हीएनसी सुरू करणारी स्क्रिप्टही सावध आहे. ती आधी ६००० अधिक क्रमांक धरून बघते, मग ५९०० अधिक क्रमांक, आणि शेवटी टेम्प फोल्डरमध्ये त्या डिस्प्लेची लॉक फाइल पडलीय का तेही तपासते. काहीही आडवं आलं की पुढचा क्रमांक. कधी मशीन अचानक बंद पडून लॉक फाइल तशीच राहते. अशा वेळी स्क्रिप्ट त्या फाइलचं नाव घेऊन सांगते की इथं सर्व्हर चालू नसेल तर ही काढून टाका. चूक दाखवणारा संदेश असावा तर असा: कोणामुळे अडलं आणि काय करायचं, दोन्ही एकाच संदेशात.

हीच शंभराची युक्ती जावाच्या जगातही आहे. वाइल्डफ्लायला ‘पोर्ट ऑफसेट’ १०० द्या, की ८०८०चा होतो ८१८० आणि व्यवस्थापनाचा ९९९० सरकून १००९० होतो. एका मशीनवर तीन वाइल्डफ्लाय चालवायचे तर ०, १००, २०० द्यायचे आणि मोकळं व्हायचं.

टॉमकॅटमध्ये हीच बेरीज हातानं करताना मात्र चूक होते. दुसरा टॉमकॅट उभा करताना ८०८० सगळे बदलतात, पण बंद करण्याच्या आज्ञेसाठी राखलेला ८००५ विसरतात. मग पहिला चालू असेपर्यंत दुसरा उभाच राहत नाही.

मॅकवाल्यांसाठी दोन सूचना. मॅकचं स्वतःचं स्क्रीन शेअरिंगही ५९००च वापरतं, तेव्हा ते चालू असताना दुसरा व्हीएनसी सर्व्हर त्याच पोर्टवर टाकू नका. आणि २०२१च्या माँटेरेपासून एअरप्ले रिसीव्हर ५००० धरून बसतो. फ्लास्कचा ठरलेला पोर्टही तोच! एअरप्लेचं बटण बंद केलं की फ्लास्क मोकळा.

बावीस कसा मिळाला?

केंब्रिजच्या सायमन टॅटम यांचा पुटी हा एसएसएच क्लायंट उघडला की पोर्टच्या चौकटीत २२ आधीच भरलेला दिसतो. १९९५ साली फिनलंडच्या टाटू युल्योनेन यांनी एसएसएच लिहिलं, तेव्हा २१वर एफटीपी होतं, २३वर टेलनेट, आणि मधला २२ रिकामा. त्यांनी पोर्टची नोंदवही सांभाळणाऱ्या आयाना या संस्थेला मेल करून तो मागितला आणि तो मिळालाही.

एसएसएचचंही शहाणपण टिपण्यासारखं आहे. दूरच्या मशीनवरच्या खिडक्या इकडे आणताना ते डिस्प्ले १०पासून, म्हणजे ६०१०पासून मोजायला लागतं. पहिले दहा तिथल्या खऱ्याखुऱ्या एक्स सर्व्हरांसाठी सोडलेले.

दमानं घेणारा पोस्टमन

फिलिप हेझल यांनी १९९५ साली केंब्रिज विद्यापीठासाठी एक्झिम हा मेल सर्व्हर लिहायला घेतला, आणि पुढं तो जगभरच्या सर्व्हरांवर पोचला. सुरू होताना पोर्ट अडलेला दिसला तर एक्झिम लगेच हार मानत नाही. सेटिंग बदललं नसेल तर तीस सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करतो, असं नऊ वेळा. म्हणजे साडेचार मिनिटांची सवड. जुना डीमन बंद व्हायला वेळ घेत असेल, तर एवढ्यात जागा सहज मोकळी होते.

अपाची स्पार्कचा स्वभाव याच्या उलट. ४०४० अडला की थांबायचं नाही, ४०४१ बघायचा, मग ४०४२, असं सोळा वेळा पुढं सरकायचं. पडद्यावर डॅशबोर्ड दाखवायचा असेल तर हे उत्तम. मेल सर्व्हरला हे परवडणार नाही, कारण बाहेरचं जग २५ नंबरवरच दार ठोठावणार.

मेलचाच एक किस्सा. ४६५ हा पोर्ट १९९७ साली सुरक्षित मेलसाठी नोंदला गेला. पुढं ती नोंद काढून घेतली गेली आणि तोच आकडा सिस्कोच्या यूआरडी या वेगळ्याच कामाला दिला गेला. पण मेलवाले काही तो सोडेनात. अखेर जानेवारी २०१८मध्ये आरएफसी ८३१४नं त्यांचा हक्क मान्य केला. आज नोंदवहीत ४६५वर दोन्ही नावं आहेत.

पटापट चार

टीसीपी आणि यूडीपी यांचे पोर्ट वेगवेगळे मोजतात. त्यामुळे टीसीपीचा ४४३ एका प्रोग्रॅमकडे आणि यूडीपीचा ४४३ दुसऱ्याकडे असू शकतो.

पोर्ट ० मागितला तर ऑपरेटिंग सिस्टिम मोकळा असलेला कुठलाही पोर्ट काढून देते. चाचण्या चालवायला यासारखी सोय नाही.

६००० क्रमांकावर वेबसाइट चढवली तर क्रोम ती उघडतच नाही. एक्सचा पोर्ट म्हणून तो असुरक्षितांच्या यादीत आहे.

पोर्ट कोणी धरलाय? लिनक्सवर ‘एसएस’ किंवा ‘एलसॉफ’ सांगतं, विंडोजवर ‘नेटस्टॅट’. आधी बघा, मगच प्रोसेस मारा.

सगळ्यांना ८०

केंब्रिजचा सर्वांत मोठा उपाय आला २००३ साली. कॉम्प्युटर लॅबोरेटरीतल्या इयन प्रॅट आणि सहकाऱ्यांनी झेन हा हायपरव्हायझर मांडला. एका लोखंडी मशीनवर अनेक आभासी मशीनं, आणि प्रत्येकाला स्वतःचा आयपी. पत्ताच वेगळा झाल्यावर प्रत्येकानं ८० घेतला तरी कोणाचं कोणाला अडत नाही! २००६ साली अ‍ॅमेझॉनची ईसीटू सेवा झेनवरच सुरू झाली. झेनसाठी काढलेली झेनसोर्स ही कंपनी २००७ साली सिट्रिक्सनं विकत घेतली.

कंटेनरांनी तीच मोकळीक अख्खं मशीन न उभारता दिली, नेटवर्क नेमस्पेस वापरून. दहा कंटेनरांत दहा टॉमकॅट, सगळे आत ८०८०वर. मात्र बाहेर, यजमान मशीनच्या एका पत्त्यावर त्यांना आणताना ८०८१, ८०८२ असे वेगळे आकडे द्यावेच लागतात.

आणि हे आकडे निवडताना एक खड्डा टाळा. बाहेर जाणाऱ्या जोडण्यांसाठी लिनक्स एरवी ३२७६८ ते ६०९९९ या पट्ट्यातले पोर्ट आपणहून वापरतं. आयबीएमच्या डीबीटूचा नेहमीचा ५०००० नेमका यातच येतो. महिनोन्‌महिने सगळं सुरळीत चालतं आणि एका रीस्टार्टला सर्व्हर म्हणतो, पोर्ट अडलाय. धरणारा असतो त्याच मशीनवरून निघालेली कुठली तरी क्षुल्लक जोडणी. यावर कर्नलमध्ये ‘आयपी लोकल रिझर्व्हड पोर्ट्स’ नावाचं सेटिंग आहे. त्यात ५०००० लिहून ठेवला की लिनक्स तो आपोआप कोणाला वाटत नाही.