धंद्यातला माणूस कॉलेजात शिकवू शकतो

महाशिवरात्रीच्या यात्रेला कुणकेश्वरात मुंबईचे चाकरमानी उतरतात. त्यांतला एखादा तुमच्याच घरचा असेल. वाशीच्या फळबाजारात नाहीतर काजूच्या धंद्यात त्याची तीस वर्षं गेली. आता हे सारं पोरांना शिकवावं असं त्याला वाटतं. पण पदरी पीएच.डी. नाही, मग कॉलेजात उभं कोण करणार?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली त्यासाठी वाट मोकळी केली. तिचं नाव ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’. आपल्या कामात किमान पंधरा वर्षांचा अनुभव हवा, शक्यतो वरच्या जागेवरचा. काम नावाजलेलं असेल तर पदवीची अट नाही. व्यापार, व्यवस्थापन यांच्या जोडीला सेंद्रिय शेती, पाणलोट, ग्रामविकास हेही विषय यादीत आहेत. कागदावर तरी आपल्या मातीची आठवण राहिली म्हणायची!

मात्र चालू धंदा मोडून कुणी धावू नये. ही कायमची नोकरी नव्हे. नेमणूक आधी वर्षभराची, मग वाढवून तीन वर्षं, फारच झालं तर चार. मंजूर जागांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त माणसं अशी घेता येत नाहीत. मोबदला संस्थेशी बोलून ठरतो, म्हणून आकडा आधीच विचारून घ्यावा. शिक्षकी पेशातल्यांना, निवृत्तांनासुद्धा, ही वाट बंद आहे.

आणि शिकवणं म्हणजे आठवणी सांगणं नव्हे. ‘आमच्या वेळी’ म्हणून सुरुवात केली की पोरं जांभया देतात. त्यापेक्षा आंब्याची एक पट्टी वर्गात न्यावी. पेटीला भाव काय मिळाला, हमाली किती, अडत किती, भाडं किती कापलं, बागायतदाराच्या हातात काय उरलं, हे पोरांकडूनच मांडून घ्यावं. रुमालाखाली बोटं धरून सौदे कसे होत, तेही सांगावं; त्यात बागायतदाराला भाव का कळत नसे, हे पोरं आपणच विचारतील. असा तास पुस्तकातून घेता येत नाही. पण त्यासाठी जुन्या पट्ट्या जपून ठेवलेल्या हव्यात, आणि त्या आपल्याकडे बहुधा चुलीत जातात.

नाव दुसऱ्याने सुचवलं तरी चालतं, स्वतःही देता येतं. सोबत कामाची सविस्तर माहिती जोडावी लागते. निवड समितीत दोन ज्येष्ठ प्राध्यापक आणि बाहेरचा एक जाणकार असतो. सिंधुदुर्गातली बहुतेक कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली आहेत, तेव्हा आधी जवळच्या कॉलेजच्या प्राचार्यांना भेटून विचारावं.