भाकरी फुगवणारी वाफ, माठ गार करणारी वाफ

बसा रे पोरांनो, आज वाफेची गोष्ट सांगतो. आपल्या कुंभार पिंपळगावात ज्वारीची भाकरी रोजचीच, पण तिच्या पोटात काय चालतं ते ऐका.

गव्हाच्या पिठात ग्लुटेन नावाचं चिवट प्रथिन असतं. पाणी घालून मळलं की त्याची जाळी तयार होते, म्हणून पोळी लाटता येते. ज्वारीत ग्लुटेन नाहीच. मग तुमची आजी काय करते? पिठात आधणाचं पाणी घालते. ज्वारीतल्या स्टार्चचे कण 70 अंशांच्या आसपास पाणी पिऊन फुगतात, चिकट होतात आणि पीठ धरून ठेवतात. दळण जुनं झालं, विरी गेली, थापताना कडा चिरू लागल्या, तर सरळ उकड काढावी. पाण्याला उकळी आली की पीठ टाकायचं, झाकायचं आणि हाताला सोसवेल इतकं निवलं की तळहाताने रगडून मळायचं. मळताना कंटाळा करू नका, एका वेळी एकाच भाकरीचा गोळा घ्या.

भाकरी तव्यावर पडली की आजी वरून पाण्याचा हात फिरवते. वरची बाजू कोरडी पडून तडकू नये म्हणून. ते पाणी पुरतं सुकायच्या आत भाकरी उलटायची. दुसरी बाजू भाजली की निखाऱ्यांसमोर उभी करायची किंवा गॅसच्या आचेवर धरायची. आता आतल्या पाण्याची वाफ होते, आणि उकळत्या पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे 1,700 पट जागा लागते! दोन्ही बाजू अखंड असल्या की ती पापुद्रा टम्म उचलते. नखाएवढी चीर असली तरी वाफ तिथून निसटते. म्हणून भाकरी फुगली नाही तर जाळ वाढवू नका, थापताना चीर कुठे राहिली ते बघा.

डाळीचंही पाण्याशीच नातं आहे. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम डाळ लवकर मऊ होऊ देत नाही, आंबटही तेच करतं. तिला गोडं पाणी घाला आणि चिंच, टोमॅटो ती शिजल्यावरच.

आता माठ. त्याच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं आणि न उकळताच वाफ होऊन उडतं. उडताना ते उष्णता घेऊन जातं, तीही थोडीथोडकी नाही. चमचाभर, म्हणजे 5 ग्रॅम पाणी उडालं तर जवळजवळ 3 लिटर पाणी एका अंशाने गार व्हावं, इतकी! म्हणून माठाला बाहेरून रंग किंवा तेलकट हात लावू नये, छिद्रं बुजतात. सावलीत, वाऱ्याच्या वाटेवर, ओल्या वाळूवर ठेवावा. त्याच वाळूवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली मेथी, कोथिंबीर उन्हाळ्यातही तजेलदार राहते. गुजरातेत वांकानेरच्या मनसुखभाई प्रजापतींनी याच युक्तीवर विजेशिवाय चालणारा मातीचा फ्रीज घडवला. जातीचा कुंभारच तो, मातीचं मर्म त्याला ठाऊक!

श्रावणात माठाचं पाणी तितकं गार का लागत नाही, असं विचाराल. माठ तोच असतो, पण पावसाळी हवेत आधीच भरपूर वाफ असते, नवी वाफ घ्यायला तिच्यात जागा थोडी. आपल्याकडच्या कोरड्या वैशाखात मात्र तीच हवा वाफ भराभर ओढून घेते.