मंदी ओसरताना आपले नाव

बाजार मंदावला की व्यापारी जाहिरातीचा खर्च प्रथम छाटतो, आणि बाजार सावरू लागला तरी थकलेली उधारी डोळ्यांसमोर असल्यामुळे तो खर्च पुन्हा करण्यास धजत नाही. वस्तुतः गिऱ्हाईक ह्याच काळात नव्याने दुकान निवडीत असते, कारण जुनी काही दुकाने मिटलेली असतात आणि ओळखीचे कारागीर अन्यत्र निघून गेलेले असतात. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर हे सर्वत्र अनुभवास आले. अशा वेळी सिंदी मेघे येथील छोट्या व्यावसायिकाने दूरचा कित्ता शोधण्याचे प्रयोजन नाही. तो गावाला लागून असलेल्या वर्धा शहरातच आहे.

१९२९ च्या जागतिक महामंदीने शेतमालाचे भाव कोसळले आणि कापसावर जगणाऱ्या वऱ्हाड-वर्ध्याच्या मुलखाला त्याची झळ लागली. ती पुरती ओसरली नसतानाच, डिसेंबर १९३४ मध्ये, गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि उद्योगपती जमनालाल बजाजांनी दिलेल्या वर्ध्यातील जागेत, मगनवाडीत, त्याचे ठाणे बसले. संघाची सूत्रे ज्या जे. सी. कुमारप्पांच्या हाती आली, ते लंडनमध्ये हिशेबतपासनिसाचे शिक्षण घेतलेले आणि मुंबईत स्वतःची पेढी चालविलेले गृहस्थ होते. त्यांनी घाणी, हातकागद, चूल अशा वस्तूंत सुधारणा घडविण्याचे काम पुढे नेले आणि त्याच कामाची माहिती ‘ग्राम उद्योग पत्रिके’तून देशभर पोहोचविली. माल सुधारणे आणि माल सांगणे ही दोन कामे त्यांनी विभक्त मानली नाहीत, ह्यातच मला त्यांचे थोरपण दिसते. पुढे ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय खुले झाले, आणि खेड्यातील कारागिराच्या वस्तूला पाहणाऱ्यांसमोर मांडण्याचे कायमचे स्थान मिळाले.

आजच्या कारागिराने, शिंपिणीने, वीजदुरुस्ती करणाऱ्याने ह्यातून घ्यावयाचे ते एवढेच की केलेले काम लोकांना पाहता आले पाहिजे: दुकानावर स्पष्ट पाटी, दर्शनी भागी दरपत्रक, पूर्ण केलेल्या कामाची छायाचित्रे भ्रमणध्वनीवर सिद्ध, आणि समाधानी गिऱ्हाइकाला ‘चार जणांना सांगा’ अशी निःसंकोच विनंती. लहान उद्योगांसाठी जुलै २०२० पासून सुरू असलेली सरकारी ‘उद्यम’ नोंदणी निःशुल्क आहे. तो दाखला कर्जाच्या वेळी बँकेत आणि सरकारी खरेदीच्या दप्तरी उपयोगी पडतो. नोकरी गमावलेल्या उमेदवारानेही मागील वरिष्ठांना पत्र लिहून आपण उपलब्ध असल्याचे कळवावे. त्यात कमीपणा मुळीच नाही.

नाव सांगण्याइतकेच ते जपणेही महत्त्वाचे आहे. वर्धा जिल्ह्यातीलच समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची हळद पिढ्यान्‌पिढ्या उत्तम म्हणून विकली जात होती, तरी तिच्या नावाला कायद्याचे कवच नव्हते. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन लाभले, आणि त्या परिसराबाहेरच्या हळदीला ते नाव लावण्यास मज्जाव झाला. मात्र मानांकन मिळाले म्हणून प्रत्येक शेतकऱ्याला त्याचा लाभ आपोआप मिळत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून त्याला आपली स्वतंत्र नोंद करून घ्यावी लागते, आणि पुडीवर ते नाव ठळक छापावे लागते.